नववी पायरी

"मावशी, हे रबर गुडघ्याच्या वर चढवायचं. असं. आणि आता दोन्ही गुडघे एकमेकांपासून लांब न्यायचे. पुस्तक उघडतो तसं."

"मी कुठं गं पुस्तकं उघडली? चौथीत शाळा सुटली माझी."

"मग पेटी उघडता तसं."

"पेटी वरून उघडतात," हौसा म्हणाली.

ती पोरगी माझ्याकडं बघायला लागली. मी म्हटलं, "माझ्याकडं बघू नको. पंचेचाळीस वर्षं झाली, मला नाही जमलं, तुला काय जमणार?"

तेव्हा हौसा हसली. दीड महिन्यात पहिल्यांदा. हसताना गुडघे आपोआप लांब गेले आणि लाल रबर ताणलं. पोरगी टाळी वाजवून म्हणाली, "हां! हेच! असंच दहा वेळा!"

हौसा माझी बायको. बार्शीत आमची सूर्योदय लाँड्री होती, पाटीवर मोठा सूर्य काढलेला. गावात मला सगळे लाँड्रीवाले अण्णा म्हणायचे. त्या मार्गशीर्षात हौसा मागच्या मोरीत साबणाच्या पाण्यावरून घसरली आणि तिचा उजवा खुबा मोडला. सोलापूरला नेऊन खुब्याचा गोळा बदलला. लोक भेटायला आले की ती सांगायची, "जन्मभर साबणाचं खाल्लं, शेवटी साबणानंच पाडलं."

आणि ती पोरगी म्हणजे मोनाली काशीद. व्यायाम शिकवणारी. बार्शीतल्याच एका डॉक्टरांकडं नोकरीला होती, ते तिला पेशंटच्या घरी पाठवायचे. चोवीस-पंचवीसची असेल. खांद्याला पिशवी, पिशवीत पाकिटबंद रबरं. फुग्याच्या जातीचं पातळ रबर, चार बोटं रुंद, गोल जोडलेलं. लाल हलकं, हिरवं कडक.

"एवढ्या रबरानं काय होणार?" मी विचारलं.

"अण्णा, पँटचा मागचा खिसा असतो ना, त्याच्या जरा वर, बाजूला, एक स्नायू असतो. चालताना कंबर तोच तोलून धरतो. ऑपरेशननंतर तो झोपी जातो, आणि त्याचं काम मांडीला ओढावं लागतं. म्हणून मावशी झोकांड्या देत चालतात. रबरानं त्याला विरोध केला की तो जागा होतो."

"सासूनं विरोध केला की सून जागी होते तसं," हौसा खाटेवरून म्हणाली.

खिशाचं उदाहरण मला पटलं. खिसा म्हणजे आमच्या धंद्याची पहिली पायरी. कपडा आला की आधी खिसे तपासायचे, मग पाण्यात. खिशात काय काय सापडतं! अंगठी, औषधाची चिठ्ठी, एकदा तर कुणाची कवळी सापडली होती. जे सापडेल ते ज्याचं त्याला परत द्यायचं, हा माझ्या बापाचा नियम आणि माझाही. चाळीस वर्षांत कुणाची टाचणी मी ठेवून घेतली नाही. हे मी फुशारकीनं सांगत नाही. आज तर मुळीच नाही.

जाताना मोनालीनं एका कागदावर बारा ओळी लिहिल्या आणि डॉक्टरी चिकटपट्टीनं कपाटाला लावल्या. पाय पायावर टाकायचा नाही, खाली बसायचं नाही, जिना चढताना चांगला पाय आधी आणि उतरताना दुखरा आधी, असं सगळं. मी मोठ्यानं वाचून दाखवलं. बारावी ओळ वाचली तेव्हा मला हसू आलं. ती ओळ काय होती ते मागून सांगतो.

"बाकी सगळं ठीक," हौसा तिला म्हणाली. "मला एवढंच सांग, मी गच्चीवर कधी जाणार?"

"गच्चीवर काय आहे?"

मला हसावं का रडावं कळेना. काय आहे म्हणे! आमचं सगळं आयुष्य त्या गच्चीवर होतं. मोरीतून पिळे काढायचे, बादल्या भरायच्या आणि चौदा पायऱ्या चढून वर दोरीवर. मी चादरीचं एक टोक धरायचा, ती दुसरं, आणि दोघं मिळून झटकायचो. भांडणं झाली ती तिथं, आणि मिटलीही तिथंच, कारण चादर एकट्यानं झटकता येत नाही. चैत्रात तिच्या कुरडया तिथं. अख्खी गल्ली तिच्याकडून चीक शिजवायला शिकली. मशीन घरोघरी आल्या, लाँड्री दोन वर्षांपूर्वी मी बंद केली, पण कुरडया काही बंद झाल्या नाहीत.

"ह्या वर्षीच्या कुरडया मी खालनं बघायच्या व्हय?" हौसानं विचारलं. डोळ्यात टचकन पाणी आलं तिच्या. बाई रडणारी नव्हे. खुबा मोडला तेव्हासुद्धा शिव्याच देत होती, मोरीला.

मोनालीनं तिचा हात धरला. "पाडव्याला वर जाल. पण खुर्चीवर बसायचं आणि नुसते हुकूम सोडायचे."

"ते तिला चांगलं जमतं," मी म्हटलं.

त्या दिवसापासून घरात एकच गोष्ट. पाडवा आणि चौदा पायऱ्या.

मोनाली आठवड्यातून तीनदा यायची, उरलेले दिवस मी मास्तर. हौसा पाठीवर पडून गुडघ्याला रबर चढवायची, मी आकडे मोजायचा. मग गुडघे वाकवून कंबर वर उचलायची, गुडघे आत पडू द्यायचे नाहीत, रबर ताणलेलं ठेवायचं. "मोजा की नीट! सातनंतर परत सात म्हणायलाय तुम्ही!" अशी वरून दटावणी. कधी मुद्दाम मी सातच म्हणायचा. लाँड्री गेल्यापासून सकाळी उठून करायचं काय, हा मला प्रश्न पडायचा. कुणाच्या तरी दुकानाच्या पायरीवर बसून पेपर वाचायचा आणि जेवायला घरी यायचं. हौसा पडली आणि मला काम मिळालं. बोलायला वाईट दिसतं, पण खरं तेच आहे.

त्या रबराला दोन-तीन दिवसांत वास यायला लागला. हौसा मांडीला तेल चोळायची, तेल आणि घाम मिळून ते चिकट झालं होतं. आपल्या घरात अशी वस्तू बायकोच्या अंगाला लावायची म्हणजे मला लाज वाटली. मी कोमट पाण्यात धुण्याचा सोडा टाकला, रबर घोळवलं, चोळलं, तीन पाण्यांतून काढलं आणि गच्चीवर दोरीला लाकडी चिमट्यानं अडकवलं. बार्शीचं ऊन म्हणजे काय विचारता! तासाभरात ठणठणीत. उन्हासारखं औषध नाही, हे माझ्या बापाचं वाक्य. खाली आणून हौसाच्या हातात दिलं तर अजून गरम होतं.

"ऊन ऊन लागतंय," ती म्हणाली आणि मांडीवर चढवताना डोळे मिटले. "बरं वाटतंय."

झालं. मग काय, रोजचाच नेम. व्यायाम झाला की धुणं, धुणं झालं की गच्ची. लाल रबर, शिवरात्रीनंतर हिरवं आलं तर तेही. हिरव्यावर पुढं पुढं पांढरट पूड आल्यासारखी दिसायची आणि बारीक बारीक रेघा. मळ बसलाय म्हणून मी सोडा वाढवला. कापड असो की रबर, मळ कसा काढायचा ते मला कुणी शिकवू नये, असा माझा तोरा होता.

होळीच्या सुमाराला हौसा उभी राहून व्यायाम करायला लागली. ओट्याला धरायचं, हिरवं रबर मांडीला, गुडघे जरा वाकवायचे आणि एकेक पाऊल बाजूला टाकायचं. खेकडा चाल म्हणायची मोनाली त्याला.

"म्हातारपणी खेकडा केलाय माझा," हौसा कुरकुरायची, पण चालायची. झोकांड्या कमी झाल्या. एक दिवस मोनालीनं तिच्या खुब्यावर बोटं ठेवली आणि ओरडली, "अण्णा, बघा! जागा झालाय! दगडासारखा लागतोय!"

"हात लावून बघू का?" मी म्हटलं.

"चला, व्हा तिकडं! पोरीसमोर काहीबाही!" हौसा लाजली. पासष्ट वर्षांची बाई लाजली, आणि मला ती लग्नातली दिसली.

मग जिना. पहिल्या दिवशी पाच पायऱ्या. उजव्या हाताला कठडा, मागं मी, पुढं मोनाली. दोन दिवसांनी सात. मी मोजायचा, ती चढायची. पाडव्याला पाच दिवस राहिले होते तेव्हा नऊ.

नवव्या पायरीवर ती थांबली. त्या दिवशी मोनाली आली नव्हती, आम्ही दोघंच. गच्चीचं दार उघडं होतं आणि ऊन आठव्या-नवव्या पायरीपर्यंत उतरलं होतं. तिच्या पावलावर पडलं. ती बराच वेळ पावलाकडं बघत राहिली.

"पुढं?" मी विचारलं.

"आज नको. दमले." मग म्हणाली, "अवो, वर गेल्यावर तुम्हाला एक गोष्ट सांगायचीय."

"आत्ता सांग की."

"न्हाई. वरच. चादर झटकायच्या जागेवर."

"अगं, पण आहे काय?"

"रागवायचं न्हाई, कबूल करा आधी."

"तुझ्यावर रागवून मी जेवायचं कुठं?"

ती हसली. "मग झालं तर. उद्या बाकीच्या पाच." आणि दुखरा पाय आधी टाकत हळूहळू उतरली. मला वाटलं, कुरडयांना जास्त गहू भिजवायला सांगणार असेल, दुसरं काय.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला ती ओट्याला धरून उभी राहिली. मी हिरवं रबर गच्चीवरून आणलं, तिच्या मांडीवर चढवून दिलं. खाली बसून चढवावं लागायचं, मी रोज तेवढं करायचा. ती म्हणाली, "आज जास्त मोजा. पाच पायऱ्या जायच्यात."

मी मागं उभा राहिलो. ती उजवीकडं गेली, एक, दोन, तीन. परत डावीकडं. परत उजवीकडं. सहावं पाऊल तिनं जरा लांब टाकलं. फटाका फुटावा तसा आवाज आला. रबर तुटलं, तिचा पाय पुढं निसटला, आणि ती डाव्या अंगावर फरशीवर कोसळली. माझ्या हातात तिचा पदर आला. नुसता पदर.

डावा खुबा मोडला. पुन्हा सोलापूर, पुन्हा टेबल. ऑपरेशन बरं झालं म्हणाले. पण ह्या वेळी तिला उठवेना. पडून पडून छातीत कफ भरला. पुण्याहून आमचा मुलगा बालाजी आला आणि रात्रंदिवस तिच्या उशाशी बसला. पाडवा दवाखान्यातच गेला.

त्याच्या दुसऱ्या दिवशी बालाजी खाली औषधं आणायला गेला होता. हौसानं मला खुणेनं जवळ बोलावलं. मास्क बाजूला केला.

"पोरीला कुणी बोलू नका," ती म्हणाली. "तिची काही चूक न्हाई. तुम्ही सांगा बालाजीला."

"सांगतो. तू बोलू नको."

"सांगा हां. तुम्हीच सांगा." माझा हात तिनं दोन्ही हातांत घेतला आणि नुसती थोपटत बसली. मला वाटलं, तिला माझा धीर हवाय. आता कळतं, ती मला धीर देत होती.

पडल्यापासून सोळाव्या दिवशी ती गेली.

त्याआधी काय झालं ते सांगायचं राहिलं. ती पडली त्याच संध्याकाळी मी तिचे कपडे न्यायला घरी आलो होतो. ओट्याखाली तुटलेलं रबर पडलं होतं. मी ते उचललं, खिडकीपाशी नेलं, चष्मा लावला आणि बोटांनी ताणलं. आरपार चिरा होत्या. नुसतं ताणलं तर अजून एका जागी उसवलं. मळ नव्हता तो. मग मी कपाटाकडं गेलो, कागद सोडवला, बारावी ओळ वाचली, कागदाची घडी केली आणि शर्टाच्या खिशात घातली. रबर कचऱ्यात टाकलं. हे सगळं मी का केलं, असं मला विचारू नका. हात आपोआप करत होते.

तेरावा झाला. पाहुणे पांगले. बालाजीनं मोनालीला बोलावून घेतलं. तो वाईट नाही, सांगून ठेवतो. पण आई गेलेला माणूस कुणाला तरी धरतोच.

ती आली आणि खुर्चीच्या कडेवर बसली. तोंड सुकलं होतं.

"जुनं रबर दिलं होतंस का आईला?" बालाजीनं विचारलं.

"नाही दादा. मावशींसमोर पाकीट फोडलं होतं. महिनासुद्धा झाला नव्हता हिरव्याला."

"मग महिन्याच्या आत तुटतं कसं?"

"कसं वापरायचं, कसं ठेवायचं, सगळं मी लिहून दिलं होतं. कपाटावर कागद लावला होता." तिनं कपाटाकडं बघितलं. चिकटपट्टीचे चार तुकडे तिथंच होते. मग तिनं माझ्याकडं बघितलं. "अण्णा, होता ना कागद?"

बालाजीनंही माझ्याकडं बघितलं. "अण्णा?"

कागद माझ्या छातीवर होता. श्वास घेतला की कुरकुरत होता. हौसाचं बोलणं माझ्या कानात होतं, तुम्हीच सांगा. जीभ उचलली असती तर दोन वाक्यांचं काम होतं. पण त्या दोन वाक्यांनंतर मी बालाजीच्या आईला मारणारा माणूस झालो असतो. माझ्याच घरात, माझ्याच मुलासमोर.

"होता एक कागद," मी म्हटलं. "पाय कसा ठेवायचा, जिना कसा चढायचा, ते लिहिलेलं. रबराचं काही नव्हतं त्यात."

मोनालीनं वर बघितलं, छताकडं, आणि मान खाली घातली. मला तिचं ते वर बघणं कळलं नाही तेव्हा.

"माझंच चुकलं असेल," ती म्हणाली. उठली, हौसाच्या फोटोला हात जोडले आणि गेली.

बालाजी डॉक्टरांकडं जाऊन भांडून आला. महिन्याभरात पोरीची नोकरी गेली. गावात बोभाटा झाला, काशीदाच्या पोरीनं लाँड्रीवाल्या अण्णांची बायको घालवली. माझ्यासमोर कुणी तिचा विषय काढला की मी उठून जायचा. लोक म्हणायचे, अण्णाला अजून सहन होत नाही. खरंच होत नव्हतं.

ह्याला सहा वर्षं झाली. कागद मी फेकला नाही. रोज अंघोळ झाली की कालच्या शर्टातून काढून आजच्या शर्टात. जन्मभर लोकांचे खिसे रिकामे केले, आणि स्वतःचा एक खिसा काही रिकामा करवेना.

यंदा पाडव्याला नवीन शर्ट घातला आणि कागद काढायला गेलो तर तो घडीवर फाटून हातात दोन तुकडे आले. एक हातात राहिला, एक खाली पडला. वाकून उचलायला वेळ लागला मला, आता माझीही कंबर धरते. वाकल्या वाकल्याच रडायला आलं. किती दिवस अजून? कागदाचा पार भुगा होईल, मग मी होईन, आणि पोरगी तशीच गुन्हेगार राहील.

मोनाली वैरागला असते असं कळलं. लग्न झालेलं, घराच्या पुढच्या खोलीत व्यायाम शिकवते. मी एसटीनं गेलो. दुपारची वेळ. खोलीत एक म्हातारी पाय उचलत होती, पायाला शिवलेली पिशवी बांधलेली. मोनाली मोजत होती. मला बघितलं आणि मोजायची थांबली.

"बसा अण्णा," तिनं खुर्ची दिली. म्हातारीचं संपवलं, तिला दारापर्यंत सोडलं, मला पाणी आणून दिलं. मी पिशवीकडं बघत होतो.

"वाळूची आहे," ती म्हणाली. "रबर मी वापरत नाही आता. हात लावला तरी तो आवाज ऐकू येतो. मी नव्हते तिथं, तरी."

मी उभा राहिलो. बसून बोलवेना. खिशातून दोन्ही तुकडे काढले आणि तिच्या हातात ठेवले.

"कपड्याच्या खिशात सापडलं की ज्याचं त्याला द्यायचं, असा आमचा नियम होता," मी म्हटलं. "हे तुझं आहे. सहा वर्षं ठेवून घेतलं मी."

तिनं तुकडे टेबलावर जोडून ठेवले. तिचं स्वतःचंच अक्षर. बारावी ओळ तिनं हळू आवाजात वाचली. 'रबर ओल्या फडक्यानं पुसायचं, पावडर लावून डब्यात ठेवायचं. साबण, सोडा, तेल, ऊन अजिबात नाही. चीर दिसली तर वापरायचं नाही, मला फोन करायचा.'

"हे वाचून मी हसलो होतो," मी म्हटलं. "म्हटलं, ही पोरगी लाँड्रीवाल्याला धुणं शिकवायलीय. रोज सोड्यात धुतलं मी ते. रोज उन्हात घातलं. मी मारलं तिला, मोनाली. आणि तुझ्यावर ढकललं."

मला वाटलं, ओरडेल. हाकलून देईल. मी तयारीनंच गेलो होतो.

ती म्हणाली, "मला माहीत होतं, अण्णा."

"काय?"

"होळी झाली त्या आठवड्यात मी तुमच्या गल्लीतून जात होते. वर बघितलं तर गच्चीच्या दोरीवर हिरवं रबर. चिमटा लावलेलं. मी तशीच आत आले. तुम्ही दळण आणायला गेला होता. मी मावशींना म्हटलं, अण्णा हे काय करतात? तुटेल ते."

"मग हौसा काय म्हणाली?"

मोनाली रडत होती. पदरानं तोंड पुसलं, परत रडली. "म्हणाल्या, मला ठाऊक हाय गं, तुझा कागद मी बी वाचलाय, चौथीपर्यंत शिकलेय. पण लाँड्री बंद झाल्यापासनं हा माणूस मुका झाला होता. त्या रबरापायी आत्ता कुठं हसायला लागलाय. रोज धुऊन, वाळवून, गरम गरम माझ्या हातात आणून देतो. त्याला मी कुठल्या तोंडानं सांगू, की तुमचं धुणं चुकतंय? मी म्हटलं, मग मी सांगते. तर मला शपथ घातली. म्हणाल्या, मीच सांगीन. पाडव्याला वर गेले की सांगते, गच्चीवर. तिथं मी काही बोलले तरी त्यांना लागत न्हाई."

मी खुर्चीत बसलो.

"मी तरी कशी गप्प बसले?" ती म्हणाली. "पाडव्याला जेमतेम दोन आठवडे होते. नवीन रबर आणून देते म्हटलं आणि डॉक्टरांकडचं पाकीट यायला उशीर झाला. शपथ मोडून मी तुम्हाला सांगायला हवं होतं. म्हणून त्या दिवशी बालाजीदादांपुढं माझं तोंड उघडलं नाही. तुम्ही खोटं बोललात ते मला कळलं. पण मावशी वरून बघत असतील असं वाटलं."

नवव्या पायरीवर पावलाकडं बघत उभी राहिलेली हौसा मला दिसली. रागवायचं न्हाई, कबूल करा आधी. अगं, सांगायचं होतंस गं. खालीच सांगायचं होतंस. लागलं असतं मला, एक दिवस जेवलो नसतो, तोंड फुगवून पेपर वाचत बसलो असतो. एवढंच झालं असतं. माझ्या तोऱ्याला जपता जपता तू जीव दिलास, आणि मी तुझी शेवटची एक गोष्ट ऐकली नाही.

मोनालीच्या खोलीत, तिच्यासमोरच, मी बालाजीला फोन लावला. नंबर तिनं दाबून दिला.

"बालाजी, आईचं रबर मी सोड्यात धुवायचा. उन्हात घालायचा. पोरीनं नको म्हणून लिहून दिलं होतं. कागद माझ्या खिशात होता. त्या दिवशी तू विचारलंस तेव्हाही."

बालाजी म्हणाला, "तुम्ही कुठं आहात?"

"वैरागला. मोनालीकडं."

"तिला द्या फोन."

मी दिला. ती ऐकत राहिली. "नाही दादा... नको, असं नका म्हणू... हो, बसलेत, पाणी दिलंय." डोळे पुसत तिनं फोन परत केला तेव्हा तो बंद झाला होता. माझ्याशी तो बोलला नाही. त्याला आता दोन महिने झाले. बोलेल किंवा नाही बोलणार. त्याच्यावर माझा काही हक्क राहिला नाही.

त्या दिवशी संध्याकाळी घरी आलो. कुलूप काढलं, चप्पल सोडली आणि सरळ जिन्याकडं गेलो. सहा वर्षांत मी गच्चीवर गेलो नव्हतो, कपडे मोरीतच वाळत घालतो. कठडा धरला आणि चढायला लागलो. मोठ्यानं मोजत, ती सांगायची तसं नीट मोजत. वर जाऊन तिला म्हणायचं होतं, नाही रागावलो गं, बोल.

एक, दोन, तीन. सात एकदाच म्हटलं. आठ. नऊ.

वर दार बंद होतं. आणखी पाचच पायऱ्या राहिल्या होत्या. मी तिथंच बसलो, आणि दहा काही तोंडातून आलं नाही.